ताल धुमाळी

आजोबांच्या कपाटात ‘आश्रम भजनावली’ची, म्हणजे गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थना-भजनांच्या पुस्तकाची, एक जुनी प्रत होती. तिचा पुठ्ठा सुटलेला होता, पाने पिवळी पडली होती आणि शिवणीचा दोरा तेवढा नवा होता, कारण तो आजीने पुन्हा घातलेला होता. आजोबा सांगलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी आयुष्यभर खादी वापरली आणि संध्याकाळची प्रार्थना कधी चुकवली नाही. त्यांना सूर मात्र नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक होते. प्रार्थनेला बसल्यावर ते ओठ हलवत, आवाज लावत नसत, आणि टाळी मात्र इतकी नेमकी देत की घरातली गाणारी माणसे नकळत त्यांच्या हाताकडे पाहून गात. त्या पुस्तकातल्या ओळींवर पेन्सिलीने काढलेल्या बारीक फुल्या आणि शून्ये होती. लहानपणी मला वाटे, कुणीतरी पुस्तकात फुलीगोळा खेळून ठेवला आहे.

पुढे ते पुस्तक माझ्याकडे आले तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली. प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग आणि ताल छापलेला आहे. ‘वैष्णव जन तो’ या पदावर ‘राग खमाज, ताल धुमाळी’ असे लिहिले आहे. धुमाळी हा आठ मात्रांचा ठेका आपल्याकडच्या भजनांत आणि कीर्तनांत रुळलेला आहे. पाचशे वर्षांपूर्वी जुनागडला राहिलेल्या नरसिंह मेहतांच्या गुजराती पदावर हा शब्द कोणी आणून ठेवला, या कुतूहलापोटी मी वाचत गेलो. त्या वाचनात, ज्यांच्या आयुष्यात संगीताला फारशी जागा नसावी असे मी गृहीत धरले होते त्या गांधीजींच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रसंगाच्या मागे मला कुणीतरी गाताना ऐकू येऊ लागले.

त्याची सुरुवात त्यांच्या आत्मकथेतच आहे. लहानपणी त्यांनी श्रावणाच्या पितृभक्तीवरचे एक नाटक वाचले होते आणि गावात चित्रे दाखवत फिरणाऱ्यांकडून त्याच श्रावणाचे चित्रही पाहिले होते. मुलाच्या मृत्यूनंतर आईवडिलांनी केलेला विलाप त्यांच्या मनात इतका खोल गेला की वडिलांनी घेऊन दिलेल्या कॉन्सर्टिनावर ते ती चाल वाजवत असत. पोरबंदरला आजारी वडिलांच्या उशाशी बसून लाधा महाराजांच्या तोंडून ऐकलेल्या तुलसीरामायणाची आठवणही त्यांनी अशीच जपून लिहिली आहे. दोहे आणि चौपाया गाताना ते महाराज स्वतः कसे रंगून जात आणि ऐकणाऱ्यांना कसे ओढून नेत, हे लिहिताना गांधीजींची एरवी हिशेबी असणारी भाषा ओलावते.

यानंतर लंडनचे प्रकरण येते. तिथे सभ्य इंग्रज गृहस्थ होण्याच्या हौसेत त्यांनी नृत्याचा वर्ग लावला आणि पाश्चात्य संगीताचा कान तयार व्हावा म्हणून तीन पौंडांचे व्हायोलिन विकत घेतले, शिकवणीची फी दिली ती वेगळी. थोड्याच महिन्यांत त्यांना स्वतःचेच उमगले आणि मिळेल त्या किमतीला ते वाद्य विकून टाकावे असे त्यांनी शिक्षिकेला सांगितले. चरित्रकार हा प्रसंग बहुधा तरुणपणाचा एक चुकलेला फेरा म्हणून सांगतात. मला त्यात एक निवड दिसते. कॉन्सर्टिनावर त्यांनी जे वाजवले ते स्वतःच्या मनात दाटलेले दुःख होते, आणि व्हायोलिन हातात घेतले ते इतरांसारखे दिसण्यासाठी. पुढच्या आयुष्यात त्यांनी संगीताकडे जेव्हा जेव्हा धाव घेतली, तेव्हा ती या पहिल्या प्रकारचीच होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आणि टॉलस्टॉय फार्म या वसाहतींत संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली आणि तिथे गुजराती, हिंदी भजनांबरोबर इंग्रजी स्तोत्रेही गायली जाऊ लागली. गांधीजी स्वतः गवई नव्हते. त्यामुळे भारतात परतून साबरमतीच्या काठी आश्रम उभा राहिल्यावर, चरख्यासाठी जसा सुतार लागतो तसा प्रार्थनेसाठी संगीत जाणणारा माणूस लागेल, हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी त्या काळातल्या सर्वांत योग्य ठिकाणी विचारणा केली.

ते ठिकाण म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे घडलेले हे गायक १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून बसले होते. गाणे राजदरबारातून आणि बैठकीतून बाहेर काढून सभ्य घरांतल्या मुलामुलींच्या कंठात आणायचे, हे त्यांचे व्रत होते. दोघांची कामे वेगळी असली तरी ओढ एकाच दिशेची होती. पलुस्करांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना १९१८ साली आश्रमात पाठवले. हा मराठी माणूस तिथे गेला आणि उरलेली वीस वर्षे तिथलाच होऊन राहिला. भजनावलीतली पदे त्यांनी निवडली, त्यांना राग आणि ताल दिले, ती मुलांकडून, बायकांकडून, कधीही न गाणाऱ्या माणसांकडून गाऊन घेतली. नरसिंह मेहतांच्या पदावर ‘धुमाळी’ हा शब्द लिहिणारा हात मला अखेर इथे सापडला.

त्या भजनावलीत संस्कृत श्लोकांनंतर हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली अशी पदे येतात आणि आपले संत त्या रांगेत सहज बसलेले आहेत. संध्याकाळच्या प्रार्थनेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे, काका कालेलकर आणि विनोबा यांच्यासारख्यांचा सहवास आणि नारायण खरे पंडितांचा तंबोरा यांमुळे साबरमतीच्या वाळवंटावरच्या त्या संध्याकाळींत मराठीचा केवढा मोठा वाटा होता, हे आपण महाराष्ट्रात पुरेसे सांगत नाही. मला याची खंत वाटते. पलुस्करांचे नाव आपण संगीताच्या इतिहासात घेतो, पण गांधीयुगाच्या इतिहासात त्यांच्या शिष्याचे नाव विचारले तर सांगणारा क्वचित भेटतो.

गांधीजींना संगीतातून नेमके काय हवे होते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला सप्टेंबर १९२० मधल्या ‘यंग इंडिया’तल्या एका लेखात मिळाले. असहकाराच्या प्रचारासाठी ते देशभर फिरत होते. स्थानकास्थानकावर प्रेमाने वेडी झालेली गर्दी जमत होती, आणि त्या प्रेमातच धक्काबुक्की होती, आरडाओरडा होता, रात्री झोपू न देणारा जयजयकार होता. या झुंडीचे लोकशाहीत रूपांतर कसे करायचे, हा त्या लेखाचा विषय आहे. स्वयंसेवकांनी काय करावे, घोषणा कोणत्या असाव्यात आणि त्या एका आवाजात कशा द्याव्यात, अशा अगदी व्यवहारी सूचना देता देता ते संगीताकडे वळतात. संगीत म्हणजे लय आणि व्यवस्था, त्याचा परिणाम विजेसारखा होतो, असे ते म्हणतात. आपल्याकडे शास्त्रांप्रमाणेच संगीतही मोजक्यांच्या ताब्यात राहिले आणि ते राष्ट्राचे कधी झालेच नाही, ही त्यांची तक्रार आहे. स्वयंसेवकांना समूहगान सक्तीचे करावे आणि काँग्रेसच्या प्रत्येक अधिवेशनाला मोठमोठ्या गवयांना बोलावून त्यांच्याकडून लोकांना एकत्र गायला शिकवावे, अशी त्यांची इच्छा आहे.

हा लेख वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. संगीताने मन शांत होते, भक्ती वाढते, असे कितीतरी जणांनी म्हटले आहे. परंतु हजारो माणसांच्या बेशिस्त प्रेमाला हिंसेच्या वाटेवर जाऊ न देता आवरायचे कसे, या राजकीय प्रश्नाचे उत्तर तालात शोधणारा दुसरा नेता मला माहीत नाही. जी माणसे एका टाळीवर एकत्र येऊ शकतात, ती एका शब्दावर एकत्र थांबूही शकतात. सत्याग्रहाला तर चालू लागणाऱ्या माणसांइतकीच थांबू शकणाऱ्या माणसांची गरज होती.

याच लेखात एक वाक्य असेही आहे की जे मला आजही बोचते. संगीत ज्या मोजक्यांच्या हाती राहिले त्यांत वेश्यांचा उल्लेख ते करतात, आणि तो ‘सौदा’ या अर्थाच्या शब्दाने करतात. ज्या स्त्रियांना समाजाने घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांनीच कितीएक पिढ्या हे गाणे जिवंत ठेवले. गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी केलेली तपश्चर्या कोणत्याही आश्रमवासीयाच्या व्रतापेक्षा कमी कठोर नव्हती. गांधीजींच्या संगीतविचारात या स्त्रियांना जागा मिळाली नाही, आणि केवळ स्वरासाठी स्वर, दोन तास उलगडत जाणारा एखादा विलंबित ख्याल, यालाही मिळाली नाही. ज्यात सर्वांना सामील होता येत नाही ते गाणे त्यांना अपुरे वाटत असावे. त्यांच्यावर प्रेम करूनही मला हे मान्य करता येत नाही, कारण काही गाणी सर्वांनी गाण्यासाठी नसून सर्वांनी ऐकण्यासाठी असतात, आणि ऐकणे हेही सामील होणेच आहे.

मात्र त्यांना संगीताची आवड नव्हती, असे म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले गेले आणि तिथे त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ऐन शस्त्रक्रियेत विजेचे दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बंगालचे तरुण गायक दिलीपकुमार राय त्यांना भेटायला आले आणि त्यांनी रुग्णशय्येपाशी मीरेचे भजन गायिले. आपण कलांच्या, विशेषतः संगीताच्या विरोधात आहोत अशी लोकांची समजूत झाल्याचे ऐकून गांधीजींना खरोखर आश्चर्य वाटले. भारताच्या धर्मजीवनाची वाढ संगीताशिवाय झाली असती अशी कल्पनाही आपण करू शकत नाही, असे त्यांनी रायांना सांगितले. आपल्या विरक्तीमुळे लोक आपल्याला रुक्ष समजतात, हे त्यांना त्या दिवशी लागले असावे.

१२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीकडे निघालेल्या अठ्ठ्याहत्तर जणांत नारायण मोरेश्वर खरे होते. २४१ मैलांच्या त्या वाटेवर प्रत्येक मुक्कामी प्रार्थना होत असे. रामधून आणि नरसिंह मेहतांचे पद त्या यात्रेचे श्वास झाले. या यात्रेची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. मला मात्र ती पाहताना नेहमी वाटते की त्यांतला अर्धा इतिहास मुका आहे, कारण पायांच्या त्या रांगेला बांधून ठेवणारा ठेका छायाचित्रात येत नाही.

मे महिन्यात अटक होऊन येरवड्यात आल्यावर गांधीजींनी जे काम अंगावर घेतले ते ऐकून मला फार भरून आले होते. मीराबेन, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या मॅडलिन स्लेड, रोज प्रार्थनेला बसत होत्या, परंतु पदांचे शब्द त्यांना पुरते कळत नव्हते. म्हणून तुरुंगातल्या त्या महिन्यांत गांधीजी भजनावलीतली पदे एकेक करून इंग्रजीत उतरवत राहिले. साम्राज्याला हादरा देणारा माणूस पुण्याजवळच्या एका कोठडीत बसून, बाहेरच्या एका व्यक्तीला गाणे समजावे म्हणून शब्द शोधतो आहे, आणि त्या शब्दांत आपल्या तुकोबांचेही शब्द आहेत, हे चित्र मला दांडीच्या किनाऱ्यावरच्या मीठ उचलणाऱ्या हाताइतकेच महत्त्वाचे वाटते.

त्याच येरवड्यात २६ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारानंतर त्यांनी उपोषण सोडले तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर तिथे पोचले होते. कस्तुरबांनी फळांचा रस दिला आणि त्याआधी रवींद्रनाथांनी ‘गीतांजली’तले आपले पद गायिले. जीवन सुकून जाईल तेव्हा करुणेची धार होऊन ये, अशी त्यात प्रार्थना आहे. मूळ चाल आपण विसरलो होतो आणि त्या वेळेपुरती चाल लावून गावे लागले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्यांनी दोन हजारांवर गाणी रचली त्यांना त्या क्षणी स्वतःचीच चाल आठवू नये, यावरून त्या अंगणातला ताण किती असेल ते कळते.

खरे पंडितांचा शेवट फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसच्या तयारीत असताना न्यूमोनियाने झाला. मोठ्या गवयांनी अधिवेशनात यावे आणि लोकांना गायला शिकवावे, ही १९२० मधली इच्छा एका अर्थी त्यांनीच जगून दाखवली होती आणि त्याच कामावर असताना ते गेले.

प्रार्थना त्यांच्यानंतरही वाढत राहिली, आणि ती कशी वाढली हे पाहण्यासारखे आहे. कुठल्याही समितीने बसून तिचा मसुदा तयार केला नाही. सेवाग्रामात एक जपानी भिक्षू राहायला आले आणि त्यांचा बौद्ध मंत्र प्रार्थनेच्या आरंभी आला. रैहाना तैयबजींमुळे कुराणातले वचन आले. आगाखान पॅलेसमधल्या स्थानबद्धतेत डॉक्टर गिल्डर सोबत होते, म्हणून पारशी प्रार्थना आली. घरात सून येते आणि तिच्या माहेरचा एखादा पदार्थ त्या घरचाच होऊन जातो, तशी ही वचने एकेका माणसाचा हात धरून आत आली. त्यामुळेच १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभांत कुराणातल्या त्या वचनाला विरोध होऊ लागला, तेव्हा ते वगळून बाकीची प्रार्थना म्हणावी, ही तडजोड गांधीजींना शक्य नव्हती. एकानेही हरकत घेतली तर ते सगळी प्रार्थनाच थांबवत. एक वचन गाळणे म्हणजे ते घेऊन आलेल्या माणसाला घराबाहेर काढणे झाले असते.

त्याच वर्षाच्या आरंभी बंगालमधल्या नोआखालीत, जळलेल्या घरांच्या गावांतून गांधीजी अनवाणी चालत असताना, एका प्रार्थनेत त्यांची नात लागणाऱ्या मनुबेनने रामधुनीत ईश्वर आणि अल्ला या दोन्ही नावांची ओळ गायिली. लहानपणी पोरबंदरच्या सुदामा मंदिरात ऐकलेली ती ओळ आपल्याला अचानक आठवली, असे तिने लिहिले आहे, आणि गांधीजींनी ती रोज म्हणायला सांगितली. गीतेचे श्लोक किंवा अरबी वचने लाखोंना म्हणता येणार नाहीत, परंतु धून आणि तिची टाळी कुणालाही साधते, असे ते ‘हरिजन’मधून सांगत होते. सैन्याच्या तालबद्ध चालीत जी शक्ती दिसते तिच्याहून वेगळी आणि मोठी शक्ती त्यांना त्या टाळीत दिसत होती. १९२० मध्ये स्थानकावरच्या गर्दीसाठी शोधलेले उत्तर त्यांनी १९४७ च्या आगीपुढेही तसेच धरून ठेवले. आग त्याने विझली असे मी म्हणणार नाही. पण ज्या गावात ते टाळी वाजवत बसले, त्या गावातली काही माणसे तरी त्या संध्याकाळी दाराबाहेर आली.

३० जानेवारी १९४८ च्या पहाटे त्यांनी मनुबेनकडून एक गुजराती भजन म्हणवून घेतले. थकलास तरी, माणसा, विसावा घेऊ नकोस, असा त्याचा अर्थ आहे. संध्याकाळी ते प्रार्थनेकडेच निघाले होते आणि उशीर झाल्याची त्यांना चुटपुट लागली होती. त्या रात्री ऑल इंडिया रेडिओने एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या आवाजातले मीरेचे ‘हरि तुम हरो’ लावले. मागच्या २ ऑक्टोबरच्या त्यांच्या अखेरच्या वाढदिवसासाठी ते मद्रासला ध्वनिमुद्रित करून दिल्लीला पाठवलेले होते.

नंतरचे संगीत त्यांच्या आवडीच्या सीमेबाहेर गेले, आणि मला त्याचा आनंद आहे. रविशंकरांनी गांधार, निषाद आणि धैवत या स्वरांत त्यांचे नाव ऐकले आणि त्यातून मोहनकौंस राग उभा केला. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, कुमार गंधर्वांनी गांधी मल्हार रचला. कुमारजी मुंबईला बा. र. देवधर यांच्याकडे शिकले आणि देवधर हे विष्णु दिगंबरांचे शिष्य होते. म्हणजे ज्या घराने साबरमतीला खरे पंडित दिले, त्याच घरात पन्नास वर्षांनी गांधीजींच्या नावाचा राग जन्माला आला. आणि तो सर्वांनी मिळून टाळीवर गाण्याचा नाही. तो एकट्या कंठाने उलगडायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा राग आहे. ‘अबाइड विथ मी’ हे त्यांचे आवडते इंग्रजी स्तोत्र मात्र, अनेक वर्षे प्रजासत्ताक दिनाच्या समारोपाच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात वाजल्यानंतर, २०२२ साली त्या कार्यक्रमातून काढले गेले. ज्या वर्षी ते पहिल्यांदा वाजले नाही त्या वर्षी मी दूरचित्रवाणीपुढे शेवटपर्यंत बसून होतो.

गेल्या पावसाळ्यात गांधी मल्हार ऐकत असताना मी आजोबांची भजनावली पुन्हा उघडली. आता त्या पेन्सिलीच्या खुणांचा अर्थ मला कळतो. फुली म्हणजे सम, ठेक्याची पहिली मात्रा, आणि शून्य म्हणजे खाली, जिथे टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा ती जागा. सूर नसलेल्या त्या माणसाने पदांच्या प्रत्येक ओळीवर आपला हात कुठे पडायचा आणि कुठे थांबायचा हे मोजून लिहून ठेवले होते. ‘वैष्णव जन तो’च्या पानावर मात्र या खुणा पहिल्या दोन कडव्यांपर्यंतच आहेत. पुढच्या ओळी कोऱ्या आहेत.